जपानांतील एक पंगत

मनुष्य परदेशीं जाऊन आला म्हणजे त्याला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत पहिला मान खाण्यापिण्याच्या प्रश्नाचा असतो. तेथील राज्यव्यवस्था कशी, शाळा कशा, शेतें कशीं, हें विचारणारे थोडे, "तेथें तुम्हीं खाल्लें काय?" हें विचारणारे पुष्कळ. सन २०२४ च्या दिवाळीच्या सुटींत निरनिराळ्या शाळांतील आम्ही कांहीं शिक्षक तेथील शाळा पाहण्याकरितां जपानांत गेलों होतों. परत आल्यापासून वर्गांत, शिक्षकांच्या खोलींत, पालकांच्या सभेंत, आणि बाजारांत भाजी घेतांनासुद्धां, मला एकच प्रश्न ऐकूं आला : "सर, तुम्हीं कच्चे मासे खाल्ले काय हो?" विचारणाऱ्यांपैकीं कोणाच्या डोळ्यांत कुतूहल, कोणाच्या डोळ्यांत किळस, तर कोणाच्या डोळ्यांत दोन्ही एकाच वेळीं दिसत. प्रत्येकास निराळें उत्तर देत बसण्यापेक्षां ह्या वार्षिकाच्या द्वारें सर्वांस एकदांच उत्तर द्यावें, असें योजून हा लेख लिहिला आहे. उत्तर जरा लांबलें तर वाचकांनीं सांभाळून घ्यावें. कारण त्या जेवणांत मासे हा विषय लहान आणि माणसें हा विषय मोठा होता.

त्या प्रवासांत माझ्याबरोबर आमच्याच शाळेंतील गणिताचे शिक्षक होते. त्यांचें घराणें वारकरी. त्यांच्या गळ्यांत तुळशीची माळ आहे, आणि त्यांच्या घरांत आजोबांच्या काळापासून मासळी शिजलेली नाहीं. आमच्या घरीं मात्र सुकट, बोंबील आणि नदीची मासळी आवडीनें खातात. आम्ही दोघे अठरा वर्षें एकाच शाळेंत आहों. मधल्या सुटींत आमचे डबे एकाच मेजावर उघडतात. आणि माझ्या डब्यांत काय आहे हें त्यांस वासानें कळत असलें तरी त्यांनीं कधीं खुर्ची मागें सरकविली नाहीं. ही गोष्ट आधीं सांगण्याचें कारण पुढें कळून येईल.

टोकियोंत आमची देखरेख करण्याचें काम भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एका जपानी गुरुजींनीं आपण होऊन पत्करिलें होतें. परतण्याच्या आदल्या दिवशीं त्यांनीं आम्हां दोघांस सुशी खाण्याचें निमंत्रण दिलें. माझ्या मित्रांनीं तें ऐकून घेतलें, नम्रपणें मान लवविली, आणि खोलीवर आल्यावर ते मला म्हणाले, "सर, तुम्ही जा. मी खोलीवर थांबतों. घरच्या दशम्या आणि चटणी अजून उरली आहे. माझ्यापायीं त्या भल्या माणसाला अडचण नको."

हा केवळ संकोच नव्हता. जपानी स्वयंपाकांत मासळी दिसते तितकीच असते असें नाहीं. बोनिटो नांवाचा मासा उकडून, धुरावून आणि वाळवून लांकडासारखा टणक करितात. त्याचा कीस पाण्यांत उकळून जें सार काढितात, त्याला ते दाशी म्हणतात. आपल्याकडे फोडणी, तशी तेथें दाशी. भाजींत, सांबाऱ्यांत, अंड्याच्या वडींत, ती असते सर्वत्र आणि दिसत कोठेंच नाहीं. ह्यामुळें माझ्या मित्रांनीं चार दिवस पांढरा भात, फळें आणि दशम्या ह्यांवर काढिले होते. निमंत्रण नाकारावें तर यजमानाचें मन दुखावतें. स्वीकारावें तर नकळत नियम मोडण्याचें भय. अशा पेंचांत सांपडलेला मनुष्य बहुधा एकटें राहणेंच पत्करितो. परदेशांत पुष्कळांच्या वाट्यास येणारा एकटेपणा हा भाषेमुळें येतो त्याहूनहि अधिक ताटामुळें येतो, असें मला त्या दिवशीं वाटलें.

मीं ही अडचण यजमान गुरुजींच्या कानांवर घातली. त्यांनीं तेथल्या तेथें दुकानदारास दूरध्वनि केला, बराच वेळ संभाषण केलें, आणि मग हंसून ते म्हणाले, "त्यांना अवश्य घेऊन या, असा निरोप आहे. मात्र त्यांना काय चालतें आणि काय चालत नाहीं, हें नीट लिहून आणावयास सांगितलें आहे." माझे मित्र गणिताचे शिक्षक. त्यांनीं कागदावर दोन रकाने आंखले आणि एखादा ताळा करून पहावा त्या काळजीनें ते भरले. चालणाऱ्यांत भात, भाज्या, फळें, समुद्रांतील शेवाळ, सोयाबिनाचा रस. न चालणाऱ्यांत मासळी, मांस, अंडीं, आणि शेवटीं ठळक अक्षरांत 'मासळीचें पाणी'. गुरुजींनीं त्याखालीं सारें जपानी भाषेंत उतरून घेतलें.

आम्ही गेलों तें दुकान त्सुकिजी ह्या भागांतील एका अरुंद गल्लींत होतें. येथें सन १९३५ मध्यें टोकियो शहराचा मोठा मासळीबाजार सुरू झाला. त्यापूर्वींचा निहोनबाशी येथील बाजार १ सप्टेंबर १९२३ च्या प्रचंड भूकंपांत व आगींत नष्ट झाला होता. सन २०१८ च्या आक्टोबरांत घाऊक बाजार तोयोसु येथें नेण्यांत आला. परंतु बाहेरील गल्ल्यांतील किरकोळ दुकानें आणि खानावळी जागच्या जागीं राहिल्या आहेत. सुऱ्या विकणारे, वाळलेलें शेवाळ विकणारे, लोणचीं विकणारे, अशा दुकानांच्या ओळींत आमचें दुकान होतें. दारावर निळ्या कापडाचा आंखूड पडदा लोंबत होता. तो बाजूस सारून आंत पाऊल टाकतांच सर्व नोकरांनीं एका स्वरांत स्वागताची आरोळी दिली. माझे मित्र क्षणभर दचकले; पण लागलीच त्यांनीं त्याहून मोठ्यानें "रामकृष्णहरि" म्हणून उत्तर दिलें आणि सारे दुकान हंसलें.

मासळीच्या दुकानांत मासळीची दुर्गंधि असणार, अशी कल्पना करून मी गेलों होतों. तेथें वास होता तो शिरक्याचा, ओल्या लांकडाचा आणि चहाचा. मेजें नव्हतीं. एक लांब, गुळगुळीत, पिवळसर लांकडाची फळी, अलीकडे आठ आसनें, आणि पलीकडे उभे असलेले साठीच्या घरांतले मालक. ह्या धंद्यांतील मुख्य कारागिरास जपानी भाषेंत इतामाए म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ फळीपुढचा असा होतो. आमच्या उजव्या हातास एक वृद्ध जोडपें होतें, डाव्या हातास कचेरींतून आलेला एक तरुण. प्रत्येकास प्रथम गरम पाण्यांत पिळलेला पंचा हात पुसण्यासाठीं मिळाला.

आतां कच्च्या माशांविषयीं. सुशी म्हणजे कच्चा मासा, ही आपल्याकडील समजूत खरी नव्हे. सुशी ह्या शब्दाचें मूळ आंबटपणा दाखविणाऱ्या एका जुन्या जपानी शब्दांत आहे, आणि ह्या पदार्थांतील मुख्य वस्तु मासा नसून शिरक्यानें आंबट केलेला भात आहे. प्राचीन काळीं मासळी टिकविण्याकरितां तिला मीठ लावून ती शिजलेल्या भातांत महिनोन्महिने दाबून ठेवीत. भात आंबे, आणि त्या आंबटपणानें मासळी नासत नसे. नंतर भात टाकून देऊन मासळी तेवढी खात. शिगा प्रांतांतील बिवा सरोवराच्या कांठीं ह्या पद्धतीची फुनाझुशी आजहि करितात. पुढें लोक भातहि खाऊं लागले, आंबविण्याचा काळ कमी होत गेला, आणि शेवटीं आंबण्याची वाट न पाहतां भातांत शिरकाच मिसळण्याची युक्ति निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं एदो शहरांत, म्हणजे सन १८६८ पासून ज्याला टोकियो म्हणूं लागले त्या शहरांत, भाताचा लहानसा मुटका करून त्यावर मासळीचा तुकडा ठेवण्याची आजची रीत रूढ झाली. तिचें श्रेय सामान्यतः हानाया योहेई (१७९९–१८५८) ह्या दुकानदारास देतात.

त्या काळीं हें राजेरजवाड्यांचें अन्न नव्हतें. रस्त्यावरील गाड्यांपाशीं उभ्याउभ्या दोन घास खाऊन कामास पळणाऱ्या लोकांचें तें खाणें होतें, आपल्याकडील वडापावासारखें. दुसऱ्या महायुद्धानंतर धान्याची टंचाई पडून सन १९४७ मध्यें खानावळी बंद करण्याचा हुकूम निघाला, तेव्हां टोकियोच्या सुशीवाल्यांनीं एक तोड काढली : गिऱ्हाइकानें आपल्या घरचे मापभर, म्हणजे सुमारें १५० ग्राम तांदूळ आणावे आणि त्याचे दहा मुटके करून न्यावे; दुकानानें घ्यावयाची ती केवळ मजुरी. गिरणींत दळण टाकावें तसाच हा प्रकार. पुढें सन १९५८ मध्यें ओसाका प्रांतांत योशिआकी शिराइशी नांवाच्या दुकानदारानें, मद्याच्या कारखान्यांत बाटल्या सरकत्या पट्ट्यावरून जातांना पाहून, सुशीच्या बशाच तशा पट्ट्यावर फिरविल्या. त्यामुळें हें खाणें साध्या कुटुंबांच्याहि आटोक्यांत आलें.

एक शब्द मात्र आपल्या वाचकांस विशेष मौजेचा वाटेल. सुशीच्या भातास कारागीर लोक शारी म्हणतात. हा शब्द मूळचा संस्कृत 'शरीर'. बुद्धाच्या देहाचे अवशेष ह्या अर्थानें तो बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गें जपानांत पोंचला, आणि त्या पवित्र अवशेषांसारखे पांढरेशुभ्र म्हणून भाताच्या शितांस तें नांव मिळालें, असें सांगतात. हें गुरुजींनीं सांगितलें तेव्हां माझे मित्र म्हणाले, "म्हणजे येथेंहि अन्न पूर्णब्रह्मच आहे म्हणावयाचें!"

मालकांचें काम पाहत राहावें असें होतें. उजव्या हातानें लांकडी घंगाळांतून भात उचलावयाचा, डाव्या तळहातावर मासळीचा काप घ्यावयाचा, त्यावर बोटानें वासाबीचा ठिपका लावावयाचा, आणि दोन-चार हलक्या दाबांत मुटका तयार. वासाबी ही थंड वाहत्या पाण्यांत वाढणाऱ्या एका वनस्पतीची हिरवट, तिखट चटणी; तिचा झणका जिभेस न लागतां नाकांत चढतो. भात अंगाइतकाच कोमट, मुटका हातांत मोडत नाहीं आणि तोंडांत मात्र शीत न् शीत सुटें होतें. ही कला साधण्यास जुन्या पद्धतीप्रमाणें दहा वर्षें उमेदवारी करावी लागत असे. प्रथम झाडणें-धुणें, मग भात, आणि मग पुष्कळ दिवसांनीं सुरी. त्या दुकानांतील विशी-बाविशीचा उमेदवार त्या सायंकाळीं केवळ चहा भरीत होता, बशा पुशीत होता, आणि संधि मिळेल तेव्हां मालकांच्या बोटांकडे टक लावून पाहत होता. परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत सारा अभ्यास उरकूं पाहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनीं त्या मुलाकडे एकदां पाहिलें असतें तर बरें झालें असतें.

गुरुजींनीं मालकांस 'ओमाकासे' एवढाच शब्द सांगितला. त्याचा अर्थ, तुमच्यावर सोपविलें. मग त्या दिवशीं बाजारांत जें उत्तम असेल तें, ज्या क्रमानें योग्य असेल त्या क्रमानें, मालक देत जातात. खाण्यास आरंभ करण्यापूर्वीं गुरुजींनीं हात जोडून 'इतादाकिमासु' म्हटलें. ह्याचा अर्थ, मी नम्रपणें ग्रहण करितों. मीं मनांतल्या मनांत उपकारस्तुति केली. माझ्या मित्रांनीं डोळे मिटून पांडुरंगाचें स्मरण केलें. तिघांच्या तीन रीती. पण तिघेहि अर्धें मिनिट सारखेच गप्प होतों.

मला प्रथम मिळाला तो पांढऱ्या मासळीचा पातळ काप. त्याला कसलीच दुर्गंधि नव्हती. मग मिठांत व शिरक्यांत मुरविलेला कोहादा हा चंदेरी लहान मासा, मग उकडलेली कोळंबी, मग लालभडक ट्यूना, मग गोडसर रसांत शिजवून मऊ केलेली समुद्रांतली वाम. म्हणजे पांचांत दोनच खरे कच्चे. बाकीचे मुरविलेले किंवा शिजविलेले. बर्फाची सोय नसलेल्या काळांत मासळी टिकावी म्हणून निघालेल्या ह्या युक्त्या पुढें चवीसाठीं टिकून राहिल्या, जशीं आपल्याकडे वाळवणें आणि लोणचीं. दोन घासांच्या मध्यें तोंड स्वच्छ करण्यास आल्याच्या पातळ चकत्या, शिरक्यांत मुरविलेल्या.

तेथील शिष्टाचार मीं गुरुजींस विचारून घेतला. सुशी हातानें खाल्ली तरी चालते, ही आम्हां मराठी माणसांस आनंदाची वार्ता होती. मुटका एका घासांत खावा. सोयाच्या रसांत बुडवितांना मासळीची बाजू बुडवावी. भात बुडविला तर तो फुटतो आणि फार खारट होतो. काड्या भातांत उभ्या रोंवूं नयेत, आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊं नये. कारण पहिली गोष्ट मृताच्या नैवेद्याची आणि दुसरी दहनानंतर अस्थि उचलण्याची आठवण देते. अंगास उग्र अत्तर लावून जाऊं नये. शेजाऱ्याच्या घासाचा वास त्यामुळें मरतो. बक्षिसी देण्याची चाल नाहीं.

आतां माझ्या मित्रांच्या ताटाकडे वळतों. मालकांनीं तो दोन रकान्यांचा कागद आपल्यासमोर खांबास चिकटविला होता. त्यांच्यासाठीं त्यांनीं वेगळी फळी आणि वेगळी सुरी काढली; मासळीस लागलेले हात प्रत्येक वेळीं स्वच्छ धुऊनच ते त्यांचा मुटका करीत. माझ्यापुढें घास आला कीं त्यांच्यापुढेंहि आला; मला एक आणि त्यांना मागाहून, असें एकदांहि झालें नाहीं. काकडीची गुंडाळी, आंबविलेल्या मुळ्याची गुंडाळी, मिठांत दाबलेल्या वांग्याच्या कापाचा मुटका, खारविलेल्या आंबट फळाची गुंडाळी, असें एकामागून एक येत गेलें. काकडीच्या गुंडाळीस कप्पा असें नांव आहे; जपानी गोष्टींत नदींत राहणारें त्या नांवाचें एक भूत असून त्याला काकडी फार प्रिय असते. नंतर तपकिरी रंगाच्या कसल्याशा फितींची गुंडाळी आली. मित्रांनीं एक घास घेतला, डोळे बारीक केले, आणि हें काय म्हणून विचारलें. ह्या फितीस कानप्यो म्हणतात. आणि कानप्यो म्हणजे भोपळा सोलून, लांब पट्ट्या काढून, उन्हांत वाळवून, सोयाच्या रसांत व साखरेंत शिजविलेला. तो भोपळा आपल्या दुधीच्याच जातीचा. हें कळतांच मित्र उद्गारले, "अहो, हा तर आमच्या परसांतला दुधी! इतक्या लांब येऊन भेटला." गुरुजींनीं भाषांतर केलें, आणि शेजारच्या वृद्ध बाईंनीं आपल्यासाठींहि कानप्यो मागविला.

जेवण संपत आलें तेव्हां उमेदवारानें सर्वांपुढें गरम सांबाऱ्याचे झांकलेले कटोरे आणून ठेवले. माझ्या मित्रांपुढेंहि ठेवला. मित्रांनीं झांकण काढलें. आंत शेवाळाचे हिरवे तुकडे तेवढे दिसत होते. ते कटोरा ओठांस लावणार इतक्यांत मालकांनीं हात पुढें करून त्यांस थांबविलें, उमेदवारास हळूच कांहीं सांगितलें, कटोरा परत नेवविला, आणि स्वतः वांकून क्षमा मागितली. ते म्हणाले कीं, ह्यांत वरून कांहीं दिसत नसलें तरी दाशी आहे. त्याऐवजीं त्यांनीं चहा भरून दिला. मित्र सद्गदित होऊन म्हणाले, "मला तर कळलेंहि नसतें." गुरुजींनीं हें सांगतांच मालकांनीं सुरी पुसतां पुसतां उत्तर दिलें, "तुम्हांस कळलें नसतें. मला कळलें असतें." उमेदवाराचा चेहरा उतरला होता. मालकांनीं त्याला चारचौघांत एक शब्दहि कठोर बोलला नाहीं. फक्त खांबावरचा कागद काढून त्याच्या हातांत दिला आणि तो त्यानें शेवटपर्यंत दोनदां वाचला.

हा प्रसंग घडला तेव्हां मी माझ्या आजोबांचा विचार करीत होतों. आमचे पूर्वज गांवकुसाबाहेर राहणारे. आजोबा लहान असतां गांवांत लग्नाची जेवणावळ असली म्हणजे सर्व पंगती उठून गेल्यावर आमच्या लोकांस बोलावीत, अंगणाच्याहि पलीकडे बसवीत, आणि हाताचा स्पर्श होऊं नये म्हणून अन्न वरून सोडीत. आजोबा सांगत कीं, बुंदी तीच, भात तोच, तूपहि क्वचित् तेंच असे. तरी तो घास गळ्याखालीं उतरत नसे. अन्न एक आणि पंगती वेगळ्या, असा तो व्यवहार होता. त्सुकिजीच्या त्या फळीपाशीं मीं जें पाहिलें तें ह्याच्या अगदीं उलट : अन्न वेगळें आणि पंगत एक. माझ्या मित्राच्या पानांत जें होतें त्यांतलें एकहि माझ्या पानांत नव्हतें. पण आम्ही एका ओळींत, एका वेळीं, सारख्याच आदरानें जेवलों.

जपानांत सारे आलबेल आहे, असें ह्यावरून कोणी समजूं नये. कातडें कमावणें, जनावरें मारणें अशीं कामें करणाऱ्या लोकांस तेथेंहि शतकानुशतकें वेगळें ठेविलें जात असे. सन १८७१ मध्यें सरकारी हुकुमानें तो भेद रद्द झाला, तरी समाजांत तो उरलाच. म्हणून त्या लोकांनीं सन १९२२ मध्यें क्योटो येथें सुइहेशा ही समतेची संघटना उभारिली. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनीं सन १८६८ मध्यें आपल्या घरचा पाण्याचा हौद सर्वांस खुला केला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. आणि पुढें भारताच्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. कायद्यानें बंद केलेली गोष्ट मनांतून जाण्यास मात्र अधिक वेळ लागतो. ती घालविण्याचें काम न्यायालयांत थोडें आणि जेवणाच्या जागीं फार होतें.

निघतांना गुरुजींनीं 'गोचिसोसामा' म्हणून मालकांचे आभार मानिले. ह्या शब्दांत धांवाधांव असा अर्थ दडलेला आहे. आमच्या जेवणासाठीं जे कोणी इकडून तिकडे धांवले, पहांटे बाजारांत गेले, भात धुतला, चूल पेटविली, त्या सर्वांचे हे आभार. घरोघरीं आईच्या हातचें जेवून मुकाट्यानें उठणाऱ्या माझ्या बालमित्रांनीं एवढा अर्थ जरी ध्यानांत ठेविला, तरी त्यांच्या मातोश्रींस माझा हा लेख वाचल्याचें समाधान मिळेल.

पालकांकरितां एक सावधगिरीची सूचना येथें करणें अवश्य आहे. हें वाचून कोणा धाडसी मुलानें घरीं कच्चा मासा खाण्याचा प्रयोग करूं नये. समुद्राच्या मासळींत अनिसाकिस नांवाचे कृमि असूं शकतात, व ते शिरक्यानें मरत नाहींत. मासळी शून्याखालीं २० अंशांपर्यंत निदान २४ तास गोठविली, किंवा ती नीट शिजविली, तरच त्यांचें भय जातें. नदी-तळ्यांतील मासळी तर कच्ची खाऊंच नये. तेथील कारागीर मासळी कोठून आली, कशी ठेविली, हें जाणून काम करितात. आपल्या बाजारांतील मासळी शिजवून खाण्यासाठीं आहे. तिचें कालवणच उत्तम.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं फार थोडे जपानांत जातील. पण मधल्या सुटींत डबा तुम्ही सर्वच उघडतां. कोणाच्या डब्यांत सुकटीची चटणी असते, कोणाच्या डब्यांत कांदा-लसूणहि चालत नाहीं, कोणाचा उपवास असतो, आणि कोणाच्या डब्यांत कालची भाकरी असते. डबा उघडतांच नाक मुरडून उठून जाणारा मुलगा त्या डब्यास नांवें ठेवीत नाहीं. ज्या आईनें तो भरला तिला नांवें ठेवितो. आणि मित्र शाकाहारी आहे हें ठाऊक असतां गंमत म्हणून त्याला फसवून कांहीं चारणें, ही तर गंमत नव्हेच. ज्यानें आपल्यावर विश्वासून तोंड उघडलें त्याचा तो विश्वासघात आहे, आणि त्याला कळलें नाहीं एवढ्यानें तो लहान होत नाहीं. मालकांनीं तो कटोरा परत नेवविला तो ह्याच एका गोष्टीसाठीं.

तेव्हां, "सर, तुम्हीं कच्चे मासे खाल्ले काय?" ह्या प्रश्नाचें माझें उत्तर असें : होय, खाल्ले, दोन-चार प्रकारचे, आणि ते चांगले लागले. माझ्या शेजारीं बसलेल्या माझ्या मित्रांनीं ते खाल्ले नाहींत, आणि त्यांचेंहि जेवण तितकेंच चांगलें झालें. ह्या दोन वाक्यांतील दुसरें वाक्य अधिक महत्त्वाचें आहे, असें माझें नम्र मत आहे.